चुकीचे इंग्रजी

इंग्रजी शिकणाऱ्याच्या चुकांना हसणे सोपे; पण त्या काही आभाळातून पडत नाहीत. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले, आणि आमच्या नरखेड तालुक्यातल्या संत्र्याच्या बागांतली पोरेही 'ए फॉर अ‍ॅपल' घोकू लागली. बिचाऱ्या संत्र्याला 'ओ'पर्यंत थांबावे लागते. तेही 'अ‍ॅन' हा चोपदार पुढे घातल्याशिवाय यायचे नाही!

'कझिन ब्रदर' चूक, नुसते 'कझिन' म्हणा, असे मी वर्गात सांगतो. पण मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ आणि वर साऱ्या बहिणीही एकाच पोत्यात कोंबणाऱ्या त्या शब्दाला पोर 'ब्रदर' का जोडते, हे मराठी माणसाला सांगायला नको.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली. मृगाची फळे गळाली, आंबियाचा फुलोरा झडला. पुढे एका विद्यार्थ्याने त्यावर निबंध लिहिला. आरंभ गाइडातला : 'इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज.' व्याकरण चोख! (इंग्रज स्वतः रोजच्या बोलण्यात ही कुत्री-मांजरे फारशी पाळत नाही, ते सोडा.) पुढचे वाक्य मात्र त्याचे स्वतःचे : 'माय फादर इज नॉट ईटिंग सिन्स टू डेज.' मराठीतले 'पासून' सोमवारालाही चालते नि दोन दिवसांनाही. इंग्रजीत सोमवाराला 'सिन्स', दोन दिवसांना 'फॉर'. तांबड्या शाईने मी 'हॅज नॉट ईटन फॉर टू डेज' असे वर लिहिले. बोर्डाचा परीक्षक काही सोडणार नव्हता. गुण मात्र त्याच वाक्याला दिले.