लुगडं कुणाचं?

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटाच्या तळाशी अजून क्रोशाचे रुमाल आहेत का हो? माझ्याकडे दोन गाठोडी भरून आहेत. रेडिओचं कव्हर, टीव्हीचं कव्हर, पाण्याच्या भांड्यावर टाकायची मण्यांची जाळी, दाराचं तोरण, उशांच्या अभ्र्यांच्या लेस... लग्न होऊन मी यवतमाळला आले १९७९ साली. त्यानंतरची पंधराएक वर्षं घरात झाकण्यासारखं जे जे सापडलं ते मी झाकलं. आमचे हे म्हणायचे, "मी खुर्चीत जरा डुलकी घेतली तर उठेन तेव्हा माझ्याही अंगावर जाळी असेल!" आता टीव्हीच इतका चपटा झालाय की कव्हर घालायला त्याला पाठच उरली नाही.

ही खोड माहेरची. १९६२ साली चीनचं युद्ध झालं तेव्हा देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, त्यांत माझी आईही होती. मी तेव्हा चार वर्षांची. मला आठवतो तो फक्त हिरवट लोकरीचा गुंडा आणि त्याच्यामागे लागलेली मांजर. तो स्वेटर कुणी घातला, त्याला बाह्या पुरल्या की नाही, हे आईला कधीच कळलं नाही. पण "आपला स्वेटर हिमालयात गेला" हे ती शेवटपर्यंत कौतुकानं सांगायची.

माहेर कारंज्याचं, म्हणजे जाणं-येणं शकुंतला गाडीनं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही छोट्या रुळांची गाडी ज्यांनी पाहिली त्यांना मी काय सांगू! १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. खिडकीशी बसावं तर डोळ्यांत कोळशाची कणी, आत सरकावं तर शेजारणीचं गाठोडं. पण क्रोशाला अशी गाडी दुसरी नाही. घाई तिला नाही, आपल्यालाही नाही. दारव्हा येईपर्यंत एक फूल, कारंजा येईपर्यंत टेबलक्लॉथची अख्खी पट्टी. ती गाडी थांबून आता काही वर्षं झाली. वर्ध्याकडून मोठ्या रुळांची गाडी २०२४ साली कळंबपर्यंत आली, पण तिच्यात बसून माझी एक ओळदेखील पुरी होईल असं वाटत नाही.

तर सांगायचं ते असं, की २०१४ साली घरात झाकण्यासारखं काही राहिलं नाही, मुली आपापल्या घरी गेल्या, आणि हात मात्र गप्प बसेनात. शेजारची एक मुलगी सरकारी दवाखान्यात नोकरीला होती. ती म्हणाली, "काकू, आमच्याकडे खेड्यांतून बायका येतात, कधी कधी अंगावरच्या कपड्यांनिशी. बाळाला गुंडाळायलाही काही नसतं." झालं! मी दोन महिने बसून चोवीस जोड पायमोजे विणले. जाळीचे, वर सॅटिनची रिबीन. प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्यांत घातले आणि स्वतः घेऊन गेले. कौतुक होणार ह्याची खात्रीच होती ना!

तिथल्या सिस्टरनी एक जोड हातात घेतला, उलटा केला, आत बोट घातलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सुंदर आहेत हो. पण बाळाला घालता नाही येणार." जाळीच्या भोकात बाळाचं इवलंसं बोट अडकतं. शिवाय आतल्या बाजूला मी दोऱ्याची टोकं नुसती खोचून ठेवली होती. असा एखादा दोरा पायाच्या बोटाभोवती गुरफटला तर तो आवळत जातो, बोट सुजतं, रक्त पोचत नाही. बाळ रडत राहतं आणि मोजा घातलेला असल्यामुळे कारण कुणाच्या ध्यानातच येत नाही. प्रसंगी बोट गमवायची पाळी येते.

माझा चेहरा उतरला असणार. खरं सांगू? सिस्टरांचा रागच आला होता मला. घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांना दहा उत्तरं देऊन झाली. रात्री मात्र एक मोजा उलटा करून पाहिला. आत दोऱ्याची चार टोकं लोंबत होती. विणताना मी बाळाचा पाय डोळ्यांसमोर आणलाच नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर होता तो फक्त वाहवा म्हणणाऱ्या बायांचा घोळका.

आठ दिवसांनी मी परत गेले आणि आधीच विचारायला हवं होतं ते तेव्हा विचारलं, "तुम्हांला लागतं काय?" उत्तर सोपं होतं. टोपरी, आणि पुढून उघडणारी सुती झबली.

टोप्याचं महत्त्व मलाही तोवर नीट ठाऊक नव्हतं. अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचं बाळ आपलं अंग स्वतः गरम ठेवू शकत नाही, आणि त्याच्या अंगाच्या मानानं डोकं मोठं असल्यामुळे पुष्कळशी ऊब तिथूनच निघून जाते. आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून ठेवायची जी पद्धत आता दवाखान्यांत शिकवतात, कांगारू पद्धत म्हणतात तिला, ती १९७८ साली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात सुरू झाली. तीत बाळाच्या अंगावर असतं काय? डोक्याला टोपरं, पायांत मोजे आणि लंगोट. बस्स. आपल्या विदर्भातही गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी गावातल्याच बायकांना बाळाची देखभाल शिकवली, तीत बाळ उबदार ठेवणं हा मोठा भाग होता. तिथे महिन्याच्या आतल्या बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले, हे १९९९ साली जगापुढे आलं. आणि मी इकडे सॅटिनची रिबीन लावत बसले होते!

टोपरं विणताना खांब नको, मुका खांब घ्या म्हणजे वीण दाट येते. दोरा मऊ सुती. आमच्याकडे मे महिन्यात लोकर पाहूनच घाम फुटतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सें. मी. असतो. मी सोललेला नारळ समोर ठेवते आणि त्याच्यावर बसवून पाहते. लहानग्या बाळांसाठी त्याहून बरंच लहान. गळ्याखाली बांधायची नाडी लावूच नका. शेवटचं टोक सुईनं विणीत तीनदा फिरवून बंद करायचं.

टोप्यांचं जमलं. अडलं ते झबल्यांचं. सिस्टर म्हणाल्या होत्या, "नवं कापड आणू नका. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती आणा." तशीही आपल्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं घालत नाहीत, जुन्या लुगड्याचंच झबलं, जुन्या लुगड्याचंच दुपटं. मी कपाट उघडलं आणि उभीच राहिले. सगळ्या साड्या नायलॉन, पॉलिएस्टर, जॉर्जेट! हा कापसाचा जिल्हा. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्यांनी आमचे रस्ते पांढरे होतात, आणि माझ्या कपाटात सुती म्हणावी अशी साडी एकच, तीही खळ घातलेली.

घरात मऊ सुती होतं ते एकाच ठिकाणी. सासूबाईंच्या ट्रंकेत. त्यांची नऊवारी लुगडी.

सासूबाई तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या. मी विषय काढला तशा म्हणाल्या, "मी जिवंत असतानाच माझी लुगडी फाडतेस का?" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक विटकं, पोतेऱ्याच्या लायकीचं लुगडं माझ्यापुढे टाकलं. मी मुकाट्यानं उचललं. उकळत्या पाण्यातून काढलं, कडक उन्हात वाळवलं, बसण्याच्या जागी विरलेला भाग टाकून दिला, काठ कापून बाजूला ठेवले, कारण काठ बाळाला टोचतात. उरलेल्यातून अकरा झबली निघाली. गुंड्या नाहीत, पुढे बंद. आणि शिवणी बाहेरच्या बाजूला! झबलं उलटं घातल्यासारखं दिसतं, पण आतून बाळाला काही खुपत नाही. ही युक्ती सिस्टरांची.

ती झबली घेऊन वॉर्डात गेले. घाटंजीकडची एक आजी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. मी झबलं पुढे केलं. तिनं हात लावला नाही. विचारलं, "हे लुगडं कोनाचं व्हय?"

मी गोंधळले. म्हटलं, "माझ्या सासूबाईंचं."

"म्हातारी जित्ती हाये?"

"आहे की. ऐंशी पार केली."

"मंग द्या," ती म्हणाली. "असं नेसनं लेकराले लागलं पायजे."

घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं सासूबाईंना सांगितलं. आधी बघतच राहिल्या, मग इतक्या हसल्या की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक उघडी होती. नेसायला म्हणून चार लुगडी मागे ठेवली आणि बाकीची नऊ माझ्या मशीनवर आणून ठेवली. म्हणाल्या, "जित्ती आहे तोवर फाड. मागनं कोण घेणार?"

तेव्हापासून आमच्या घरी स्वयंपाक, पाहुणे, सण आणि झबली असं सगळं एकत्रच चालतं. दुपारी दोन ते चार मशीन. बंद वळायचं काम मात्र प्रवासाचं. एसटीत मशीन नसतं, पण चिंधीचे बंद हातानं शिवता येतात. पांढरकवड्याला लग्नाला गेले तर जाता-येता वीस बंद. पुण्याला लेकीकडे गेले तर तिच्या सोसायटीतल्या बायकांकडून जुनी सुती पांघरुणं मागून आणली. लेकीला आधी लाज वाटली. आता तीच फोन करून सांगते, "आई, पिशवी भरलीय, कधी येतेस?"

एक प्रवास मात्र रिकाम्या हातांनी परत आले. खरं तर भरल्या हातांनी. वणीला एका मुंजीला गेलो होतो, तिथून वरोरा जवळच म्हणून आनंदवन पाहायला गेलो. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ साली कुष्ठरोग्यांबरोबर उभं केलेलं ते गाव. माझ्या पिशवीत बारा टोपरी होती, कुणाला तरी द्यावीत असा विचार. तिथे हातमागावर कापड विणणं चालू होतं. बोटं झडलेल्या हातांनी धोटा असा सरसर चालत होता की मी पाहतच राहिले. दान नको, काम द्या, हा तर बाबांचा आयुष्यभराचा आग्रह. पिशवीतली टोपरी बाहेर काढायचा मला धीर झाला नाही. त्यांनी विणलेले दोन टॉवेल विकत घेतले आणि आले. बसमध्ये ह्यांनी विचारलं, "टोपरी?" मी म्हटलं, "चुकीच्या पत्त्यावर नेली होती."

त्यानंतर मी एक केलं. कुणी झबल्याबद्दल काही देऊ केलं तर "राहू द्या, राहू द्या" म्हणायचं सोडलं. पैसे घेत नाही. पण मूठभर तूर, चार लिंबं, आणलंच असेल तर लेकराच्या आजोबांचं जुनं धोतर, हे घेते. त्या धोतराची पुढची झबली होतात.

सासूबाई २०२२ साली गेल्या. एक्याण्णव वर्षांच्या होत्या. नेसायची चार लुगडी उरली. तीन आम्ही नातवंडांत वाटली, चौथं, अंजिरी रंगाचं, मी ठेवून घेतलं. वर्षभर त्याला कात्री लावली नाही. मग एक दिवस लावली.

गेल्या हिवाळ्यात आशाताईंबरोबर झरी-जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर गेले. आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी जातात, बाळाचं वजन करतात, अंग थंड तर नाही ना ते पाहतात. बाळ दोन किलोंच्या जरासं वर होतं. टोपरं बरोबर बसलं. नारळाचा हिशोब आता चुकत नाही. मग मी अंजिरी झबलं काढलं आणि आजीनं, माझ्या मनात धाकधूक होती तेच, विचारलं.

"कोनाचं लुगडं हाये?"

"माझ्या सासूबाईंचं."

"जित्ती हाये?"

आशाताईंनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं! थंडीचे दिवस, उघडं बाळ. पण त्या आजीच्या तोंडाकडे पाहून मला खोटं बोलवेना. म्हटलं, "नाही. गेल्या. एक्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या."

"येक्यान्नव?" तिनं दोनदा विचारलं. आत सुनेला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं, सून हसली. मग आजीनं झबलं हातात घेतलं, गालाला लावून पाहिलं, आणि नातवाला घातलं. बंद तिनंच बांधले.

निघताना तिनं माझ्या पिशवीत अंबाडीची जुडी कोंबली. आणि म्हणाली, "अन् काठ? लुगड्याले काठ असन ना?"

काठ पिशवीतच होता, गुंडाळून ठेवलेला. काय करायचं त्याचं, ते वर्षभर ठरत नव्हतं. मी काढून दिला. तिनं तो पाळण्याच्या दांडीला गुंडाळला.