टपालातला डाव

बी.एड. करत असताना मी पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचो. ५० पैशांच्या कार्डावर चार आकडे लिहिले की चाल झाली. राजापुढचं पांढरं प्यादं दोन घरं पुढे म्हणजे ५२५४. घोडा बाहेर काढला, ७१६३. ही पद्धत मला फार आवडायची. उर्दूतला रुख मराठीत हत्ती होतो आणि फील, म्हणजे खरा हत्ती, मराठीत उंट! आकड्यांत हे भांडणच नाही.

सध्या ते जुने डाव स्टॉकफिशवर लावून पाहतोय. बहुतेकांत नवल काही नाही. एका डावावर मात्र तीन दिवस अडकलोय. समोर सोलापूरचे एक निवृत्त शिक्षक होते. भेट कधीच झाली नाही, पण कार्डावर मी त्यांना ‘सर’ लिहायचो. पटावर हत्ती आणि प्यादी उरलेली, माझं एक प्यादं जास्त. माझ्या ३८व्या चालीला उत्तर आलंच नाही. मुदत संपली, पूर्ण गुण मला मिळाला. सर वारल्याचं नंतर कळलं.

त्यांच्या शेवटच्या कार्डावर ‘जर-तर’च्या तीन चाली आहेत. तुम्ही हे खेळलात तर मी ते, असं आधीच कळवलं की टपालाचे दिवस वाचत. मी दुसरीच चाल केली, म्हणून त्या लागू झाल्या नाहीत. इंजिन मात्र दोन्हीकडे ०.०० दाखवतं. सरांचा हत्ती माझ्या प्याद्यामागे जाऊन बसतो, मग ते हलत नाही. सरांना हे संगणकाशिवाय दिसलं होतं.

वहीत निकाल १–० आहे. शेजारी पेन्सिलीनं ½–½ लिहिलं.