अण्णांची डुक्कर फियाट

कागदोपत्री तिचं नाव फियाट ११००. इटलीत तिला ‘मिलेचेंतो’ म्हणत, म्हणजे अकराशेच. आपल्या मुलखाने मात्र ते फुगीर गाल, ते आखूड नाक आणि ती बुटकी गोलाई पाहून तिला डुक्कर फियाट करून टाकलं. ज्यांनी ती चालवली त्यांच्या तोंडी हे नाव लाडक्या पोराला हाक मारावी तसं येतं. आमच्या घरात तरी ते तसंच यायचं.

१९९६च्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांना, अण्णांना, ती घोलवडच्या एका चिकूवाडीत दिसली. वाडीतल्या पंपाची मोटर बघायला गेले होते. शेडमध्ये चिकूच्या करंड्यांच्या मागे ती चारही चाकं बसलेल्या अवस्थेत उभी होती. वाडीचे मालक, एक वयस्कर पारशी गृहस्थ, एवढंच म्हणाले की न्यायची तर न्या, पण भंगारात घालू नका. टेम्पोवर चढवून, संजाण-भिलाड-नरोली करत ती दमणगंगेचा पूल ओलांडून सिल्वाशात आली. किलवणी नाक्याजवळच्या आमच्या भाड्याच्या घरासमोर उतरवली तेव्हा आई दारात आली, क्षणभर थांबली आणि आत जाऊन तिने हळदकुंकवाचं तबक आणलं. गंजक्या बॉनेटवर लावलेली ती बोटं मला अजून दिसतात. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो.

अण्णा एका टेक्स्चराइज्ड धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. करसवलतींमुळे ऐंशीच्या दशकात दादरा-नगर हवेलीत कारखाने आले, त्यांच्या पाठोपाठ आमच्यासारखी मराठी कुटुंबं आली. आमच्या गल्लीत गुजराती, हिंदी, मराठी आणि वारली बोली एकाच नळावर पाणी भरायची. शेजारी गावाला ‘सेलवास’ म्हणत, आम्ही सिल्वासा. इथल्या मातीवर अण्णांचा फार जीव. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे ही माणसं १९५४च्या पावसात इथे पोर्तुगीजांशी लढायला आली होती, हे ते दर २ ऑगस्टला मुक्तिदिनाच्या झेंड्यावरून घरी येताना सांगत. गाडी आल्यावर त्या गोष्टीला शेपूट जोडलं गेलं. ‘वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९५४लाच बनायला लागली. आपली छप्पन्न सालची. ही बाहेर पडली तेव्हा हे गाव पोर्तुगीजांचंही नव्हतं आणि कायद्याने भारतातही आलं नव्हतं. ते व्हायला १९६१चा ११ ऑगस्ट उजाडला. तोवर गावकऱ्यांनीच कारभार केला.’

गाडी खोलायला घेतली त्या दिवशी अण्णांनी दोन नियम घातले. खोललेली प्रत्येक वस्तू वहीत लिहायची आणि डब्यात ठेवायची. आणि पत्र्याला नवं भोक पाडायचं नाही. डालड्याचे रिकामे डबे आईने दिले. वही माझ्याकडे आली. डावीकडे मी चित्र काढायचो, उजवीकडे लिहायचो: ‘डबा ७, पुढचं उजवं दार, बिजागरीचे बोल्ट, वॉशर आतल्या बाजूला.’

खरी परीक्षा पत्र्याची होती. या गाडीला वेगळी चासी नाही. सांगाडा आणि शरीर एकच. दाराखालची पोकळ पट्टी हाच तिचा कणा, आणि नेमकी तीच किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने खाल्ली होती. सडका भाग तसाच कापला तर गाडी मधोमध वाकते, मग दार कधीच नीट बसत नाही. म्हणून अण्णांनी आधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे टाकले, मगच कटिंगला हात घातला. या गाडीची पुढची दारं उलटी उघडतात, बिजागरी मधल्या खांबाला. एक सूत इकडेतिकडे झालं तर दार खांबावर घासतं. प्रत्येक तुकडा टाचला की आम्ही दार लावून फटीत पोस्टकार्ड फिरवायचो. कार्ड वरपासून खालपर्यंत सारखं सरकलं, तरच पुढचा टाका.

डेंटिंगला वापीहून एक चाचा रविवारी येत. पत्रा ठोकून झाला की ते तळव्याखाली मलमलचा फडका धरत, डोळे मिटत आणि हात लांबवर फिरवत नेत. डोळ्याला सपाट दिसणारा पत्रा त्या फडक्याखाली बोलायचा. मग लांबी, मग वॉटर पेपर, चारशे नंबर, सहाशे नंबर. पोचा ठोकून निघत असेल तर लांबीने झाकायचा नाही, हे त्यांनी मला शिकवलं.

सुट्या भागांची चिंता फारशी नव्हती, कारण पद्मिनी गाडी तेव्हा अजून बनत होती. तीही याच घराण्यातली, तेच १०८९ सीसीचं इंजिन. ऑपेरा हाउसच्या दुकानांतून आणलेल्या कितीतरी वस्तू थोड्या घासाघाशीने बसायच्या. मला मात्र नव्या गोष्टी हव्या होत्या: जमिनीवरचा गियर, रुंद चाकं, टेप. अण्णांनी हँडलवरचा गियर हलू दिला नाही. टेपसाठी मात्र दोन रात्री बसून त्यांनी पट्टी घडवली. डॅशबोर्डच्या मूळच्याच दोन बोल्टांना ती टांगली. डायनॅमोच्या जागी पद्मिनीचा अल्टरनेटर आला, कारण संथ गतीत डायनॅमो पुरेसा करंट देत नाही आणि खानवेलच्या चढावर रात्री दिवे मंदावले असते. जुना डायनॅमो त्यांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवला. बोल्ट कसताना प्रत्येक आट्याला ग्रीस लावत. मी विचारलं, ‘अण्णा, बसवायलाच तर बसवताय, मग एवढं ग्रीस कशाला?’ ते म्हणाले, ‘पुढच्या माणसाला उघडता आलं पाहिजे.’

पहिल्यांदा रंग मारला तो पुढच्या वर्षी ऑगस्टात, आणि रात्रीत सगळा दुधाळ झाला. दमट हवेत एनसी पेंटचं असंच होतं. थिनर भराभर उडतो, उडताना पत्रा गार करतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं. अण्णांनी न बोलता सगळा रंग घासून काढला आणि आम्ही पाऊस जाण्याची वाट पाहिली. खंडेनवमीला पाने, पक्कड आणि फीलर गेज पाटावर मांडून पुजले. दसऱ्याला इंजिन सुरू करायचं ठरलं. प्लगच्या वायरी मी लावल्या होत्या. स्टार्टर फिरला, कार्ब्युरेटरमधून फाडकन आवाज आला. अण्णा हात पुसत म्हणाले, ‘क्रम म्हण.’ एक, तीन, चार, दोन. पाढ्यासारखा पाठ होता. म्हणता म्हणताच माझा हात चुकलेल्या वायरीवर गेला. चोक ओढला, पुन्हा स्टार्टर, आणि ती बोलायला लागली. आईने झेंडूचा हार घातला.

रंग लागला तो दसरा-दिवाळीच्या मधल्या कोरड्या दिवसांत. दाराच्या रबराखाली तिचा मूळचा फिका पिस्ता सापडला होता, तोच. आई पहाटे अंगणात सडा घालायची तो त्या दिवसांत दुप्पट घालायची, म्हणजे धूळ बसावी. ऊन चढून ओल सुकली की अण्णा गन हातात घेत. स्वयंपाकघरातून चकलीचा वास, अंगणातून थिनरचा. माझी दिवाळी आजही त्याच वासाने सुरू होते.

१९९७च्या दिवाळी-पाडव्याला अभ्यंगस्नान करून आम्ही सगळे खानवेलला निघालो. दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरं, मधूनच साग. एका वळणावर वारली पोरांचा घोळका रस्त्याकडेला थांबला आणि हात हलवू लागला. अण्णांनी गाडी उभी केली, सगळ्यांना पाळीपाळीने बसवून एक एक फेरी मारली. फराळाचा डबा तिथेच संपला.

अण्णा २०१६ साली गेले. नंतर गाडी झाकून राहिली. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम केले, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली अट वाचताना मला अण्णांचा दुसरा नियम ऐकू आला. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी मुदत संपून रस्त्यावरून उतरली, त्याच आठवड्यात मी कापड काढलं.

डायनॅमो परत चढवायचा होता. मुलीच्या हातात वही दिली. तिने माझं शाळकरी अक्षर लावत पान शोधलं. मी गाडीखाली शिरलो, पाना बोल्टवर बसवला आणि जोर लावायला दम घेतला. सव्वीस पावसाळे होऊन गेले होते. जोर लागलाच नाही. पाना एकदा फिरला आणि बोल्ट बोटांनीच उलगडत आला. आट्यांत काळपट ग्रीस अजून ओलं होतं.