वाइंडर किलोच्या भावाने

भंगाराचा ट्रक वजनकाट्यावर उभा होता आणि काट्यावरचा पोरगा विचारत होता, ‘‘यात पितळ किती निघेल?’’ त्याची काही चूक नव्हती. पण इतकी वर्षं झाली, तो प्रश्न आठवला की अजून डोकं तापतं.

नागपूर-भंडाऱ्याचा मँगनीज पट्टा सगळ्यांना ठाऊक आहेच: मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग. पहिल्या महायुद्धाआधी मँगनीजमध्ये रशियाशी टक्कर भारताचीच होती. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर साहेबाने 1909 मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि इथल्या एका खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ म्हटलं. 1962 मध्ये मोठ्या खाणी सरकारी भागीदारीच्या कंपनीत गेल्या. आमची मात्र लहानशी खासगी खदान. मी तिथे सर्व्हेअर होतो.

चानकावर, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीवर, हेडगियर, समोर दोराने डोली वर-खाली करणाऱ्या वाइंडरचं घर, बाजूला हाजरी घर आणि लॅम्प रूम, लांब टेकाडाआड बारुदाचं मॅगझिन. एवढाच पसारा. वाइंडर मूळचा वाफेवरचा, नंतर त्याला विजेची मोटर बसवलेली. ड्रायव्हरला खालचं काही दिसायचं नाही. त्याच्यासमोर खोली दाखवणारा काटा आणि डोक्यावर घंटा. डोली थांबलेली असताना एक ठोका म्हणजे वर ओढ, चालू असताना एक म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली सोड. तीन ठोके पडले की डोलीत माणसं आहेत. तीन वाजले की ड्रायव्हर तोंडातला खर्रा थुंकायचा आणि ताठ बसायचा. दोर गुंडाळणाऱ्या ड्रमच्या कडेवर त्याने पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या होत्या. काट्यापेक्षा त्याचा भरवसा त्या खुणांवर.

खदान बंद पडली याचं मला दुःख नाही. माल संपत आला, भाव पडला, खाणी अशाच मरतात. माझं म्हणणं एवढंच होतं की हेडगियर विका, रूळ विका, टब विका, पण वाइंडर आहे तिथे राहू द्या. अर्ज दिला, फोटो जोडले. साहेब म्हणाले, ‘‘ऑडिटला काय दाखवू? भावना?’’ पुढच्या आठवड्यात कटरवाले आले. आधी इंग्लंडच्या कारखान्याची पितळी पाटी छिन्नीने उपटली. मग शाफ्ट कापला. ड्रमच्या कडा मात्र बिडाच्या होत्या, आणि बीड गॅस कटरने धड कापलं जात नाही. ते फोडावं लागतं. दिवसभर घण चालले. पांढऱ्या खुणांसकट तुकडे उडत होते आणि ठेकेदाराचा माणूस ते उचलून ढिगात टाकत होता. मी ऑफिसात नकाशे गुंडाळत बसलो होतो. मोजायचं नाही असं ठरवूनही एकेक घाव मोजला जात होता.

इंग्लंडात कॉर्नवॉलच्या लहानसहान खाणींची इंजिनघरंसुद्धा 2006 पासून जागतिक वारशात आहेत. आपल्याकडे खाण बंद करताना खड्डा, पाणी, झाडं यांचा आराखडा होतो. यंत्राचं काय, तर त्याचं वजन. ज्यांच्या हातात अशा बंद खाणी आहेत त्यांनी निदान विकण्याआधी मोजमापं घ्यावीत, नकाशे जपावेत, जुन्या ड्रायव्हरला बोलतं करावं. याला पैसे लागत नाहीत.

हे सगळं मी एकदा वर ढिगावर माल फोडून निवडणाऱ्या एका बाईंना तावातावाने सांगत होतो. त्यांचा नवरा खाली ड्रिलवर होता. पुढे मँगनीजच्या धुळीने त्याचा चेहरा ताठरला, आवाज बसला, चाल कोंबड्यासारखी चवड्यांवर आली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘बरं झालं जी, फोडलं थे. माह्या घरच्याले रोज खाली नेऊन सोडे.’’

मला रागच आला. यंत्राचा काय दोष, धूळ बसवायला पाणी न मारणाऱ्यांचा दोष, असं मी म्हणालोही. पण मी ज्या वाइंडरसाठी अर्ज केला, त्याने खाली नेलेल्या माणसांसाठी मी कधी एक कागद लिहिला नव्हता, हे बाईंना माहीत होतं. तरी आजही मी म्हणेन, विकायला नको होता. निदान पाटी तरी.

आता मॅगझिन तेवढं उभं आहे, कारण त्याच्या जाड भिंतींत विकण्यासारखं लोखंड नाही. आत शेळ्या बांधतात. तिथे माहितीचा फलक लावा असं मी ग्रामपंचायतीला लिहिलंय आणि सरपंचांना ते पटलंयही. मजकूर तुम्हीच द्या म्हणाले. मी दोनदा लिहिला, दोन्ही वेळा त्यात वाइंडरच जास्त झाला. बाईंना दाखवला तर त्या म्हणतील, यात आमचा माणूस कुठंय? आणि दोन्ही मावेल एवढा मोठा फलक करायला पंचायतीकडे पैसे नाहीत.