लेगो कुठे मिळतं?

ऑनसाईटला गेलेले लोक येताना चॉकलेटं आणतात, मी भाच्यासाठी लेगो आणतो. इतक्या फेऱ्यांनंतर एक कळलंय, की त्यासाठी खेळण्यांचंच दुकान शोधत बसू नये.

जर्मनीत 'म्युलर'च्या मोठ्या शाखेत शिरा. शॅम्पू-टूथपेस्टच्या त्या दुकानात खेळण्यांचाही विभाग असतो. जपानमध्ये 'योदोबाशी कॅमेरा'. नाव कॅमेऱ्याचं, पण अकिहाबाराच्या दुकानात खेळण्यांना चांगली ऐसपैस जागा आहे. ब्रिटनमध्ये 'आर्गोस': स्क्रीनवर निवडायचं, पैसे भरायचे, आतून डबा येतो. आपल्या केमिस्टसारखंच की! अमेरिकेत 'टॉईज आर अस'ची दुकानं २०१८ साली बंद पडली, तेव्हा सरळ 'टार्गेट' गाठा. दूध-अंडीही तिथेच मिळतात.

दुकानं बदलतात, वीट तीच. डेन्मार्कमध्ये १९५८ साली पेटंटसाठी अर्ज केलेली ही रचना. तेव्हाची वीट आजच्या विटेवरही घट्ट बसते. भाच्याच्या डब्यात टोकियो आणि फ्रँकफर्ट कधीच एकमेकांत मिसळून गेलेत.

असो. हल्ली फोनवर तो "मामा, काय आणणार?" असं विचारत नाही. "किती दिवस राहणार?" असं विचारतो. अर्धा किल्ला बांधायचा राहिलाय म्हणे, आणि तो एकट्याने बांधायचा नाहीये.