पाच मिलिमीटरची फट

सूचनाफलकावर लिहिलं होतं, येताना आपापले स्टॅम्प आणावेत. मी नेले. दुसऱ्या वर्गाच्या टपालाची बारा तिकिटं असलेली नवीकोरी पुस्तिका. २०१२ सालची गोष्ट. त्याच वर्षी एप्रिलअखेर दुसऱ्या वर्गाचं तिकीट ३६ पेन्सांवरून एकदम ५० पेन्सांवर गेलं होतं, त्यामुळे सहा पौंड मोजून घेतलेली ती पुस्तिका मी पर्समध्ये नोटांच्या कप्प्यात जपून ठेवली होती. स्विंडनमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये लांबलचक टेबलाभोवती आठ-नऊ बायका बसल्या होत्या आणि प्रत्येकीसमोर रबरी ठशांचा ढीग होता. रॉबिन पक्षी, होलीची काटेरी पानं, रेनडिअर, देवदूत. मी पुस्तिका बाहेर काढली. कोणी हसलं नाही. इंग्रज बायका अशा वेळी हसत नाहीत, चहा घेणार का विचारतात.

आपल्याकडे पोस्टाचं तिकीट वेगळं, कचेरीचा शिक्का वेगळा आणि शाळेत भेंडी कापून, रंगात बुडवून उमटवायचा तो ठसा वेगळा. इथे तिन्हींचं एकाच शब्दात भागवतात, आणि माझ्यासारखीची फजिती होते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही त्या उन्हाळ्यात पुण्याहून तिकडे गेलो होतो. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो हे ऐकून माहीत होतं, पण दुपारचा चहा दिवा लावून प्यायचा म्हणजे काय, ते तिथे कळलं. नोव्हेंबर संपता संपता लेक शाळेतून नाताळची कार्डं आणू लागली. पहिल्या आठवड्यात सतरा. उलट कार्ड द्यायलाच हवं, हा इथला न सांगितलेला नियम. आपल्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणासारखाच. दुकानात दहा कार्डांचं पाकीट स्वस्तात मिळतं. पण लहानपणी दिवाळीची भेटकार्डं आम्ही घरीच करायचो. शाईत भिजवलेला दोरा कागदाच्या घडीत ठेवून ओढायचा, जुन्या टूथब्रशने शिंतोडे उडवायचे. त्या जोरावर मला वाटलं, आपल्याला हे जमेल. म्हणून हॉल, म्हणून सूचनाफलक, म्हणून तिकिटांची पुस्तिका.

हॉलमधला हा कार्डं करणाऱ्यांचा गट चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या, सत्तरीच्या पुढच्या. सगळ्या त्यांना नुसत्या नावाने हाक मारायच्या. माझी जीभ काही तशी वळेना. मनातल्या मनात मी त्यांना ‘बाई’च म्हणायचे, आणि समोर नाव घ्यायची वेळ आली की खोकायचे.

बाईंनी पहिल्या दिवशी ए-फोर आकाराचा जाड कागद हातात दिला. तो मधोमध कापायचा, प्रत्येक अर्धा पुन्हा दुमडायचा, की दोन कार्डं तयार. पण तीनशे ग्रॅमचा कागद हाताने दुमडला तर घडीवर तडे जातात. आधी पट्टी लावून हाडाच्या बोथट सुरीने रेघ दाबायची, मग घडी घालायची, मग त्याच सुरीच्या पाठीने घडी बसवायची. हे इतकं साधं, पण यातच बायकांची वर्गवारी होते. जिच्या कार्डाच्या कडा एकमेकींवर चपखल बसतात ती जाणती. माझ्या कार्डाचं वरचं पान खालच्यापेक्षा दोन मिलिमीटर पुढे डोकावायचं, सुनेच्या पदराखालून परकर दिसावा तसं.

खरी मोहिनी घातली ती उष्णतेच्या एम्बॉसिंगने. उशिरा वाळणाऱ्या चिकट शाईने ठसा उमटवायचा. लगेच त्यावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची. ही पावडर म्हणजे वितळणाऱ्या प्लास्टिकचे बारीक दाणे. कार्ड तिरकं करून टिचकी मारली की जादा पावडर खाली कागदावर पडते. ती परत बरणीत. शाई असते तिथेच दाणे धरून राहतात. मग खालून-वरून हीट गन फिरवायची. काही सेकंद काहीच होत नाही. आणि मग एका कोपऱ्यातून ती भुकटी पाझरल्यासारखी वितळते, राखाडी-मातकट दिसणारी रेघ सोन्याची होते आणि ती चमक पुढे सरकत जाते. तीनशे कार्डं केल्यावरही त्या क्षणी मी श्वास रोखून धरते. तिथून हात मात्र चटकन काढावा लागतो. लोभाने आणखी तापवलं की उठलेली रेघ कागदात बसते, तेलकट होते आणि कार्ड पापडासारखं वाकतं.

मी घरी हे केस वाळवायच्या ड्रायरने करायला गेले. उपकरण तेच, वारा गरम, मग पंचवीस पौंड कशाला घालवायचे? ड्रायरचा वारा जास्त आणि ताप कमी. अर्धी बरणी सोनेरी पावडर बैठकीच्या गालिच्यात गेली. ते घर सोडताना घरमालकीण आजींनी गालिच्याकडे पाहून ‘किती सणासुदीचं दिसतंय’ एवढंच म्हटलं आणि अनामत रक्कम पूर्ण परत दिली.

याच आजींमुळे मला कार्ड म्हणजे काय ते कळलं. पण तो शहाणपणा यायच्या आधी मला कागदी सजावटीचं वेड लागलं होतं.

हे वेड ज्यांना लागलंय त्यांनाच कळेल. कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली क्विलिंगची झाडं. डाय मशीनच्या चरकातून कापून निघालेले हिमकण. चित्राचे तीन-चार थर एकमेकांवर उचलून बसवायचे, त्यासाठी फोमचे चिकट चौकोन. वर चपटे मोती. वर रिबिनीचा बो. कपाटात कागद साठत जातो आणि चांगला कागद वापरवत नाही, चांगली साडी नेसवत नाही तसं. त्या पहिल्या नाताळला मी चौतीस कार्डं केली. त्यातल्या बावीस कार्डांवर थरांचं झाड, मोती आणि बो. बाईंनी एक उचलून पाहिलं, अंगठा आणि तर्जनीत धरून दाबलं, म्हणाल्या, ‘हातात देणार आहेस ना?’ मी हो म्हटलं. मला वाटलं त्या कौतुक करतायत.

बावीसही कार्डं मी माझ्या त्या पुस्तिकेतली आणि आणखी एका पुस्तिकेतली तिकिटं लावून पेटीत टाकली.

ब्रिटनमध्ये साध्या पत्राची व्याख्या काटेकोर आहे. लांबी २४ सेंटिमीटर, रुंदी साडेसोळा, वजन १०० ग्रॅमपर्यंत, आणि जाडी पाच मिलिमीटर. त्यापुढे गेलं की ते मोठं पत्र. त्याचं तिकीट वेगळं, महाग. माझ्या कार्डाचा हिशेब मी नंतर मांडला. दुमडलेल्या कागदाची दोन पानं मिळून जवळजवळ एक मिलिमीटर, फोम दोन, झाडाचे थर एक, मोती तीन. बो मोजलाच नाही. तिकीट कमी पडलं तर टपालवाला पत्र देत नाही, चिठ्ठी टाकून जातो. मग ज्याच्या नावाचं पत्र त्याने टपाल केंद्रावर जायचं, उरलेले पैसे भरायचे आणि वर दंडासारखा, तेव्हा एक पौंड.

घरमालकीण आजी डिवायझेसजवळच्या खेड्यात राहायच्या. तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. बर्फात दोन बस बदलून त्या गेल्या, माझ्या शुभेच्छांचे पैसे भरले आणि कार्ड घेऊन आल्या. मला यातलं काही कळवलं नाही. सुंदर कार्डाबद्दल आभाराचं पत्र मात्र आलं. दंडाची हकीकत फेब्रुवारीत त्यांच्या मुलीकडून सहज बोलताना निघाली. बाकीच्या एकवीस घरी काय झालं ते मी विचारलंच नाही. तेवढं धैर्य नव्हतं.

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. त्यात एक लांबट फट कापलेली होती, पाच मिलिमीटरची. पोस्टाच्या खिडकीवर असते तशी, घरी केलेली. ‘आधी फट, मग कार्ड,’ म्हणाल्या. आणि मग चहा पिता पिता त्यांनी नाताळ कार्डाचा जन्म सांगितला, तो त्या फटीतूनच झालेला.

१८४० साली ब्रिटनमध्ये देशभर एक पेनीत पत्र जाऊ लागलं. ही व्यवस्था आणण्यात रोलंड हिल यांच्या हाताखाली खटपट करणाऱ्यांत हेन्री कोल होते. पत्र स्वस्त झालं, म्हणून लोक पत्रं लिहू लागले, आणि सणाला सगळ्यांना उत्तरं लिहिणं कोल यांनाच जड झालं. १८४३ साली त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, हजार प्रती छापल्या, हाताने रंगवल्या आणि शिलिंगाला एक अशा विकायला ठेवल्या. शिलिंग म्हणजे बारा पेन्स; टपालाच्या बारा पट कार्ड. गरिबाचं काम नव्हतं ते. मधल्या चित्रात एक कुटुंब द्राक्षारसाचे पेले उंचावतंय आणि एका लहान मुलीच्या तोंडालाही पेला लावलाय, त्यावरून दारूबंदीवाल्यांनी बराच गहजब केला. हे कोल पुढे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे पहिले संचालक झाले. त्यांनी स्वतः आजीला पाठवलेलं एक कार्ड २००१ साली लिलावात साडेबावीस हजार पौंडांना गेलं. लिलाव कुठे, तर आमच्या डिवायझेसला.

पहिलं नाताळ कार्ड म्हणजे न दुमडलेला एक सपाट तुकडा. आणि कार्डावर लालचुटूक छातीचा रॉबिन का, तर त्या काळचे पोस्टमन लाल कोट घालायचे आणि लोक त्यांनाच रॉबिन म्हणायचे. म्हणजे कार्डावरचा पक्षी हा मुळात कार्ड आणणारा माणूस. मी इतके दिवस पोस्टमनवर मोती चिकटवत होते.

तेव्हापासून मी बाजू बदलली. माझं मत असं झालंय की टपालाने जात नाही ते कार्ड नव्हे, ती भेटवस्तू. आमच्या गटात यावरून दोन पक्ष आहेत आणि ‘मोती पक्ष’ संख्येने मोठा आहे.

सपाट कागदावर उठाव आणायचा तर एम्बॉसिंगला तोड नाही. वितळलेल्या पावडरची रेघ बोटाला लागते पण पट्टीवर मोजता येत नाही. आणि दुसरी रीत तर त्याहून सोपी: कागद छिद्रांच्या साच्यावर ठेवायचा, मागून उजेड द्यायचा आणि गोल टोकाच्या सळईने दाबत जायचं. उलट बाजूने नक्षी उठते. यासाठी पितळी साचे विकत मिळतात. मी पुण्याहून येताना आईने बॅगेत कोंबलेला रांगोळीचा पत्र्याचा छापा काढला, खिडकीच्या काचेला चिकटवला, त्यावर पांढरा कागद लावला आणि रिफील संपलेल्या बॉलपेनने एकेक भोक दाबत गेले. कागद फिरवला तर पांढऱ्यावर पांढरी, ठिपक्याठिपक्यांची चांदणी. शाई नाही, पावडर नाही. मोती पक्षातल्या तिघींनी तो छापा उसना नेला. दोनदा परत मागावा लागला.

एकदा मराठी अक्षरांचाही हट्ट केला. रबराच्या ठोकळ्यावर ‘शुभ नाताळ’ कोरलं, छोट्या छिन्नीने, दोन संध्याकाळी घालवून. ठसा उलटा कोरायचा असतो हे मला माहीत होतं. माहीत असूनही सुलटाच कोरला. आठ कार्डांवर सोनेरी एम्बॉसिंग करून झाल्यावर नवऱ्याने विचारलं, ‘ही कुठली लिपी?’ शिरोरेघ जागच्या जागी वरच होती, म्हणून मला लांबून ठीक वाटलं होतं. टाकवेनात, म्हणून इंग्रज शेजाऱ्यांना दिली. सगळ्यांना अक्षर फार आवडलं. एक कार्ड मात्र चुकून स्लाऊच्या मावसबहिणीला गेलं. तिने ते न्हाणीघरातल्या आरशासमोर धरून वाचलं आणि फोनवर पाच मिनिटं नुसती हसत होती.

२०२५ च्या एप्रिलात तिकीट ८७ पेन्सांवर पोचलं. चौतीसची यादी अठरावर आली आहे. काही गेले, काहींनी मोबाइलवरच्या शुभेच्छांवर समाधान मानलं. बाईंचं पुठ्ठ्याचं मोजमाप माझ्याकडे आहे; त्या मुलाकडे राहायला गेल्या तेव्हा देऊन गेल्या. प्रत्येक कार्ड पाकिटात घातलं की मी त्या फटीतून सरकवून पाहते. अडकलं तर परत टेबलावर.

घरमालकीण आजी आता एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. सपाट कार्डं पाठवायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांचं पत्र आलं होतं: कार्ड छान आहे, पण बो कुठे गेला? तेव्हापासून बाकीची सगळी कार्डं फटीतून जातात आणि एक जात नाही. त्याच्यावर मी मोठ्या पत्राचं तिकीट लावते.