आमच्या गाडीची वही

गाडी घेणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. घेताना विचारतात, "कितीला बसली?" आणि घेतल्यावर जन्मभर विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" गाडी कशासाठी घेतली, हे मात्र कुणी विचारत नाही. आमच्या घरी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका जाड वहीत लिहिलेली आहेत. वही बाबांची, गाडीही बाबांचीच. पण त्या दोघींच्यामुळे माझ्या कॉलेजच्या तीन वर्षांना जे वळण लागले, ते माझे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही नंदगडचे. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि विज्ञान शिकवीत. २०१३ साली त्यांनी बेळगावातील एका गृहस्थाकडून २००८ सालची, मागे डिकी असलेली, मध्यम आकाराची सेडान गाडी विकत घेतली. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. अठरा वर्षांच्या गाडीचे गुणदोष हे कंपनीपेक्षा मालकाचे आणि रस्त्याचेच अधिक असतात.

आजोबांच्या काळी निवड करण्याचा त्रास नव्हता. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्याला तयार होणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, एकीकडे आणि कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर दुसरीकडे. पैसे भरून माणसे वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहत. पुढे १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९४ मध्ये एस्टीम, १९९८ मध्ये होंडा सिटी, आणि डिकीची गाडी ही मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेची खूण झाली. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता तर देशात खपणाऱ्या मोटारींत निम्म्याहून अधिक उंच बांध्याच्या एस.यू.व्ही. असतात. आमची गाडी त्यांच्या शेजारी उभी राहिली, की उंच जावांमध्ये उभ्या असलेल्या ठेंगण्या थोरल्या जावेसारखी दिसते.

आता वहीकडे वळू. बाबांनी पहिल्याच दिवशी वहीवर पाच रकाने आखले : तारीख, मीटर, लिटर, ॲव्हरेज आणि कारण. पद्धत साधी. टाकी काठोकाठ भरायची, मीटर लिहायचा, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची. जितके किलोमीटर झाले त्याला दुसऱ्या खेपेच्या लिटरनी भागायचे. काट्यावरून अंदाज करणे बाबांना मंजूर नाही. "काटा म्हणजे अफवा," ते म्हणतात.

आधीच्या मालकाने सतरा देते असे सांगितले होते. कागदोपत्री आकडाही तसाच होता. तो खोटा नसतो. पण तो प्रयोगशाळेतला असतो. तिथे गाडी रोलरवर ठेवून वेगाच्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चालवतात. त्या रोलरवर आमच्या भागातला पावसाळा नसतो, खड्डे नसतात, आडवी येणारी म्हैस नसते. आमच्या वहीप्रमाणे गोव्याकडच्या हमरस्त्यावर १५, बेळगाव शहरात ए.सी. लावून ११, आणि सगळ्याची सरासरी १३.८. वर्षानुवर्षे हा आकडा तसूभर हलला नाही.

हलला तो अलीकडे. २०२५ मध्ये सरासरी १२.९ वर आली. बाबांनी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, चाकांतली हवा तपासली. फरक पडेना. मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरूत वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा प्रारंभ झाला आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. एका लिटर पेट्रोलमध्ये जेवढी उष्णता असते, त्याच्या साधारण दोन-तृतीयांशच एका लिटर इथेनॉलमध्ये असते. म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल घातले, की एकूण उष्णतेत सहा-सात टक्क्यांची घट यायची. १३.८ मधून साडेसहा टक्के वजा केले, तर उरतात १२.९. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्क्यांचीच घट सांगितली होती. नंदगडच्या एका निवृत्त मास्तरांच्या वहीत तोच आकडा उमटावा, याचा मला फार अभिमान वाटला.

बाबांना मात्र दुसरी काळजी. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या या इंधनाला सोसतील अशा बनवल्या आहेत. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वायसर त्याने लवकर कडक होऊ शकतात. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाण्याशिवाय दुसरे असते काय? हे सारे ऐकून आमचे काका, जे ऊस लावतात, ते हसून म्हणाले, "दादा, एवढं काय मनाला लावून घेतोस? तुझ्या टाकीत माझाच ऊस जळतोय की!" तेही खरेच. बेळगाव जिल्हा हा उसाचा. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून इथेनॉल निघते आणि उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळते. एका भावाच्या वहीत जी तूट, ती दुसऱ्या भावाच्या वहीत जमा! घर एकच असल्यामुळे आम्हाला नक्की फायदा झाला की तोटा, हे अजून ठरलेले नाही.

गाडीच्या दुखण्यांविषयी लिहायचे तर अंकच अपुरा पडेल. सेडानचे मूळ दुखणे म्हणजे तिचे पोट जमिनीला फार जवळ. शहरात ते शोभून दिसते. आमच्याकडे गावोगावी लोकांनी हौसेने घातलेले स्पीडब्रेकर आहेत. पाच माणसे बसली, की प्रत्येक स्पीडब्रेकरवर खालून 'खर्रर्र' असा आवाज येतो आणि आई "अगं बाई!" म्हणून पाय वर घेते. एकदा दगड लागून ऑइलचे चेंबर फुटले. शॉकॲबसॉर्बर दोनदा बदलले. एका पावसाळ्यात उंदरांनी बॉनेटखाली संसार थाटला आणि वायरिंग कुरतडले. तेव्हापासून तिथे तंबाखूची पुडी टांगलेली असते.

हे सारे निस्तरतात आमचे मेस्त्री. ते घरी कन्नड बोलतात, बाबा मराठी. दोघांचे संभाषण ऐकण्यासारखे असते. मेस्त्री बॉनेट उघडून कान लावतात आणि म्हणतात, "मास्तर, एनू तोंदरे इल्ल." काहीच अडचण नाही! मग तीन हजारांचे बिल होते. पण क्लचप्लेट, बुश, बेल्ट, पाना हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच, आणि गाडी बंद पडल्याचे दुःखही सारखेच. त्यामुळे दुभाष्याची गरज कधी पडली नाही.

आता साजशृंगार. आधीच्या मालकाने लोकरीसारखी सीटकव्हरे, मागच्या खिडक्यांना पडदे आणि मागे घेताना गाणे म्हणणारा हॉर्न दिला होता. गाणे बाबांनी पहिल्याच आठवड्यात बंद केले. आईने डॅशबोर्डवर गणपती बसवला, पुढे लिंबू-मिरची बांधली. बाबांनी स्वतःच्या पैशाने फक्त तीन वस्तू घेतल्या : चेंबरखाली लोखंडी पत्रा, चांगला जॅक आणि मोठी बॅटरी-टॉर्च. बाकी सगळ्या वस्तू पाहणाऱ्यासाठी असतात आणि या तीन चालवणाऱ्यासाठी, असे त्यांचे मत.

मागच्या काचेची गोष्ट निराळी. गाडीचा नंबर के.ए. २२, आणि काचेवर मराठीत 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. सीमाभागातल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको. डिसेंबर २०२२ मध्ये वातावरण तापले, हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगड पडले, तिकडे महाराष्ट्रात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. त्याच आठवड्यात आम्हाला गाडीने पुण्याला भावाकडे जायचे होते. इकडे काचेवरची भाषा नडेल आणि तिकडे नंबरप्लेट, अशी आईला धास्ती. आम्ही रेल्वेने गेलो. परत आल्यावर मेस्त्रींनी काही न बोलता कन्नडमधले एक स्टिकर आणून बाबांच्या हातात ठेवले : 'तायिय आशीर्वाद'. बाबांनी ते मराठीच्या खाली लावले. 'आशीर्वाद' हा शब्द दोन्ही ओळींत एकच आहे, हे त्यांनी मला बोट ठेवून दाखवले.

आता पाचवा रकाना, 'कारण'. त्यात बाजार, लग्न, बेळगाव, देवदर्शन अशा नोंदी आहेतच. पण दर चार-पाच ओळींनी एकच शब्द येतो : दवाखाना. आमच्या गल्लीत तेव्हा दुसरी चारचाकी नव्हती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, रात्री दोन वाजता, शेजारच्या काकींच्या सुनेला कळा सुरू झाल्या. अँब्युलन्सला फोन करावा तर त्या पावसात फोनला रेंज नव्हती. बाबांनी गाडी काढली. टॉर्च धरायला मी पुढे बसले. खानापूरच्या वाटेवरच्या नाल्यावरून पाणी वाहत होते. मागून काकी म्हणत होत्या, "मास्तर, घाला की गाडी, गुडघाभरच पाणी हाय!" बाबा थांबले. सेडानला हवा आत घेणारे तोंड खाली असते. त्यातून पाणी इंजिनात गेले तर संपलेच. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, पिस्टनखालचा रॉड वाकतो आणि गाडी पाण्याच्या मधोमध कायमची बंद पडते. एवढे सगळे समजावण्याची ती वेळ नव्हती. त्यांनी "बसून राहा" एवढेच म्हटले आणि गाडी उलटी फिरवली. २२ किलोमीटरचा वळसा घेऊन आम्ही दवाखान्यात पोचलो, आणि उजाडायच्या आत सून बाळंत झाली. त्या दिवशीची वहीतली नोंद अशी : "पाऊस. नाल्याला पाणी. वळसा २२ कि.मी. मुलगा. ॲव्हरेज ९.६."

२०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षे झाली. फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. त्याआधी टायर, शॉकॲबसॉर्बर, पत्रा-रंग मिळून आणखी ३८,००० चे काम. त्याच जूनमध्ये माझा कॉलेजचा प्रवेश होता आणि मला बेळगावला होस्टेलवर राहायचे होते. दोन्ही खर्च बाबांच्या पेन्शनला झेपणारे नव्हते. पुण्याहून दादाने फोनवर स्पष्ट सांगितले, "बाबा, गाडी विका. नव्वद हजार देणारा माणूस आहे." बाबांनी वही काढली. वर्षाला ४,००० किलोमीटर, पेट्रोल, विमा, दुरुस्ती, टायर धरून किलोमीटरला १४ रुपये ९० पैसे पडत होते. भाड्याची गाडी १३ रुपयांत येत होती. "हिशेबाने दादाचे बरोबर आहे," बाबा म्हणाले, आणि वही माझ्यापुढे सरकवून उठून गेले.

त्या रात्री मी पाचवा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. दवाखान्याच्या नोंदी मोजल्या, एकसष्ट भरल्या. भाड्याची गाडी १३ रुपयांत येते हे खरे, पण ती सकाळी येते. त्याच महिन्यात, ११ जूनला, राज्यात स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास मोफत करणारी शक्ती योजना सुरू झाली होती. मी सकाळी बाबांना सांगितले, "गाडी राहू द्या. मी बसने जाऊन येते."

हे मी आनंदाने केले, असे लिहिले तर ते खरे होणार नाही. पहाटे साडेपाचला उठून, गर्दीत उभे राहून, संध्याकाळी दमून परतताना होस्टेलच्या मैत्रिणींचा हेवा वाटायचा. प्रॅक्टिकल लांबले की जीव खालीवर व्हायचा. ग्रंथालयाचा शेवटचा तास मला तीन वर्षे कधी मिळाला नाही. पण या तीन वर्षांत त्या रकान्यात 'दवाखाना' हा शब्द आणखी सतरा वेळा आला आहे. त्यांतल्या दोन नोंदी माझ्या अक्षरात आहेत, कारण त्या दोन्ही वेळा गाडी मी चालवली.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकजण उद्या नोकरीला लागाल आणि जुनी गाडी घ्याल. तेव्हा मीटरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, गाडीखाली वाकून चेंबर पाहा, टाकी ते टाकी मोजल्याशिवाय ॲव्हरेज मानू नका. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. सजावटीच्या आधी जॅक आणि टॉर्च घ्या. आणि वही घातलीत तर चार रकान्यांवर थांबू नका. पहिल्या चारांतून गाडी परवडते की नाही ते कळते. ती ठेवायची की नाही, हे पाचव्याला विचारावे लागते.